चेटकिणीचा गुरू कोण?

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण चेटूक कुणाकडून शिकली? नाटक बघताना हा प्रश्न कुठल्या पोराला पडत नाही आणि त्याला घेऊन आलेल्या बापालाही पडत नाही. चिंची येते ती अंगात चेटूक घेऊनच. दिलीप प्रभावळकरांनी ती उभी केली, २०१८ साली नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले यांनी तिला आपल्या ढंगात नाचवलं, आणि दोन्ही वेळा पोरांनी चिंचीवर जो जीव टाकला तो राजकन्येच्या वाट्याला आला नाही. तिचं नाक, तिचा आवाज, तिचा थयथयाट सगळं पाठ. विद्या कुठली, ते मात्र अळीमिळी गुपचिळी.

आता ‘झपाटलेला’ आठवा. तात्या विंचू हा एक फुटकळ गुंड. पण मृत्युंजय मंत्र तो घेतो बाबा चमत्कारकडून. म्हणजे मराठी सिनेमातल्या खुनी बाहुल्यालाही गुरुपरंपरा आहे! नारायण धारपांच्या समर्थांची तर बातच सोडा. त्यांच्यामागे साधना आहे, अधिकार आहे, नियम आहेत, आणि ते सगळं वाचकाला विश्वासात घेऊन सांगितलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोष्टीतल्या जादूगाराच्या सामर्थ्याचा हिशेब दिलेला असतो आणि चेटकिणीच्या सामर्थ्याचा दिलेला नसतो. त्याने तप केलं, पोथी वाचली, सैतानाशी करार केला, गुरूचे पाय चेपले. ती मात्र तशीच असते. विंचवाला नांगी असते तसं तिला चेटूक असतं. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण पात्राला चरित्र मिळणार की नुसतं नाक, हे तिथेच ठरतं.

शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’ हे या बाबतीत फार मजेशीर नाटक आहे. १६११ च्या सुमाराचं. त्यातल्या बेटावर जादू जाणणारी दोन माणसं येऊन गेलेली आहेत. एक सिकोरॅक्स, अल्जिअर्समधून हाकलून दिलेली गरोदर बाई. दुसरा प्रॉस्पेरो, पुस्तकांच्या नादात मिलानचं राज्य गमावून बसलेला ड्यूक. सिकोरॅक्सने एरिएल नावाच्या अदृश्य सेवकाला आज्ञा मोडली म्हणून पाइनच्या चिरलेल्या खोडात बारा वर्षं कोंडलं. हे तिच्या दुष्टपणाचं प्रमाण. प्रॉस्पेरोने त्याला सोडवलं, आणि एरिएल स्वातंत्र्याची आठवण करून देऊ लागताच दम भरला की ओकच्या खोडात ठोकून ठेवीन, बारा हिवाळे. झाड बदललं, शिक्षा तीच, मुदतही तीच. तरी एक चेटकीण आणि दुसरा ज्ञानी.

सिकोरॅक्स रंगमंचावर येतच नाही. प्रॉस्पेरो बेटावर पोचायच्या आधी ती मेलेली असते. तिची जवळजवळ सगळी हकिकत आपण ऐकतो ती त्याच्या तोंडून, ज्याने तिला कधी पाहिलेलं नाही. पण खरी मेख पुढे आहे. पाचव्या अंकात प्रॉस्पेरो आपल्या विद्येचा निरोप घेताना एक मोठं भाषण करतो. मी भर दुपारचा सूर्य झाकला, समुद्र खवळवला, थडग्यांतून प्रेतं उठवली, असं सांगतो. हे भाषण जवळजवळ उचललेलं आहे ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या सातव्या खंडातल्या मीडियाच्या तोंडून. मीडिया म्हणजे युरोपच्या साहित्यातली सगळ्यात नामांकित चेटकीण. आर्थर गोल्डिंगने १५६७ मध्ये त्याचं इंग्रजी केलं होतं आणि शेक्सपिअरने ते समोर ठेवलं होतं, हे शब्दाशब्दांतून दिसतं. प्रेतं उठवल्याची गोष्ट तर नाटकात कुठेही घडत नाही. मीडियाचं भाषण उचलताना तीही ओघाने आली. थोडक्यात, सभ्य, पुस्तकी, क्षमाशील जादूगाराचं सर्वांत उदात्त भाषण ही एका चेटकिणीची मिळकत आहे. शेक्सपिअरला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. हा माणूस इतका भोळा नव्हता.

यावर कुणी म्हणेल, वाईट जादूगारही पुष्कळ आहेत की. आहेतच. वेताळपंचविशीतला क्षांतिशील घ्या, रोज राजाला फळ आणून देणारा आणि शेवटी त्याचाच बळी द्यायला निघालेला. डॉक्टर फाउस्ट घ्या. पण फाउस्टची शोकांतिका उभी राहते ती तो आधी विद्वान असतो म्हणून. त्याला हवं असतं, तो निवड करतो, सही करतो आणि भोगतो. क्षांतिशीलाचं कपट हे महत्त्वाकांक्षेचं कपट आहे. दोघांना वेगळं वागता आलं असतं. हॅन्सेल आणि ग्रेटेलला खाऊ पाहणाऱ्या म्हातारीला तसं करता आलं असतं, असं वाटून कुणी हळहळल्याचं ऐकिवात आहे का? तिला भट्टीत ढकललं की गोष्ट संपते. ग्रिम बंधूंनी १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत पोरांना रानात सोडायला लावणारी सख्खी आई ठेवली होती, नंतर तिची सावत्र आई केली. आईची प्रतिमा सांभाळण्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. चेटकिणीसाठी असली दुरुस्ती करायचं कुणाला सुचलं नाही.

‘मॅकबेथ’मध्ये एक छोटा प्रसंग आहे, नाटक बसवणारे तो बरेचदा गाळतात. तिघींपैकी एक चेटकीण सांगते की एका खलाशाची बायको मांडीवर चेस्टनट घेऊन खात बसली होती, मी मागितले, तिने हाकलून दिलं. आता मी चाळणीत बसून तिच्या नवऱ्याच्या मागे समुद्रात जाणार. राजे आणि खून यांच्या गदारोळात मूठभर चेस्टनटचं भांडण. पण चेटकिणींच्या खऱ्या खटल्यांत ज्या गोष्टी सापडतात त्यांच्याशी सर्वांत जवळचा प्रसंग हाच. कीथ थॉमस या इतिहासकाराने १९७१ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडातल्या खटल्यांचा जो उलगडा केला तो असाच आहे. गरीब म्हातारी शेजारणीकडे थोडं दूध, थोडं पीठ मागायला येते. शेजारीण नाही म्हणते. म्हातारी पुटपुटत जाते. पुढे वासरू मरतं किंवा पोर तापतं. नाही म्हटल्याची टोचणी शेजारणीच्या मनात असतेच, तिचा मग आरोप होतो. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात या आरोपाखाली सुमारे ४० ते ६० हजार माणसं मारली गेली असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. अपवाद बघायचा तर आइसलँडचा. तिथे आरोपी बहुतेक पुरुष. कारण तिथल्या लोकांच्या लेखी जादू म्हणजे रून लिपीतली चिन्हं, कोरलेल्या काठ्या, हस्तलिखितं. विद्या म्हटली की पुरुष आठवायचा, अगदी जाळायलासुद्धा.

हे सगळं जुनं आणि परकं समजून सोडून देता येत नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवलं जातं तेव्हा घरात कुणीतरी आजारी असतं, किंवा गुरं मेलेली असतात, आणि पुष्कळदा तिच्या नावावर तुकडाभर जमीनही असते. लोक भगताकडे जातात, भगत दाणे बघतो, बोट दाखवतो. भगत कुणाकडून शिकला हे गावाला माहीत असतं, ते त्याचं भांडवलच असतं. बाई कुणाकडून शिकली, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर आरोप जागीच कोसळेल. महाराष्ट्रात २०१३ पासून असं ठरवून छळणं हा गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला तेव्हा कुठे वटहुकूम निघाला. मला असं मुळीच म्हणायचं नाही की परीकथा वाचून माणसं डाकीण मारतात. पण गोष्ट आणि भगत हे दोघेही एकच प्रश्न टाळतात.

आपल्याकडच्या गोष्टी या बाबतीत कशा आहेत? ‘नवनाथ भक्तिसार’ घरोघरी पारायणाला असतं. मालू कवीने १८१९ मध्ये ते पुरं केलं. त्यात नाथ जे करतात ते काढून पाहिलं तर चेटकापेक्षा वेगळं काही नाही. भस्माची चिमूट, मंत्र, माणसाचं भलतंच काही करून टाकणं, मातीच्या पुतळ्यातून जिवंत मूल. पण प्रत्येक अस्त्राची पावती आहे. कोणत्या देवाने कधी वर दिला, कोणत्या तपानंतर, हे पोथी अगदी चोख सांगते. मग मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात आणि तिथे सामर्थ्य बायकांचं असलं तरी पावती नाहीशी होते. तिथला मोह नुसता हवेत असतो. प्रभातने १९३२ मध्ये यावर ‘माया मच्छिंद्र’ काढला. पुरुषांचा विटाळ मानणारी राणी म्हणून दुर्गा खोटे, मच्छिंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. बोलपटात गोरक्ष गुरूला सोडवायला येतो आणि अखेर कळतं की हे स्त्रीराज्य म्हणजे गुरूनेच रचलेली माया. राणीच्या राज्याचा कर्ताही शेवटी नाथच निघाला!

आपल्या परंपरेत सामर्थ्यवान बाईला दोनच दारं ठेवलेली दिसतात, संत किंवा चेटकीण. पुरुषाला मधलं तिसरंही आहे, सिद्धाचं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेला चांगदेव त्या दारातून खुशाल ये-जा करतो. मुक्ताबाई त्याची गुरू होते. पण ती त्याला वाघावर बसण्याहून वरची युक्ती शिकवत नाही. ते सोडून द्यायला शिकवते.

आणि तरीही आपल्याच घरात याला सणसणीत छेद देणारी एक गोष्ट हजार वर्षं पडून आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात कुवलयावली नावाची राणी आपल्या नवऱ्याला सांगते की मी डाकिनींची विद्या कशी शिकले. मैत्रिणींनी तिला कालरात्री नावाच्या ब्राह्मणीकडे नेलं, तिने रीतसर दीक्षा दिली, मंत्र दिले. बायकांची बायकांना दिलेली विद्या, गुरू आहे, विधी आहे, त्याची भयंकर किंमतही आहे, कारण त्यात नरमांस खावं लागतं. ही कालरात्री एका उपाध्यायाची बायको. त्याच्या सुंदरक नावाच्या शिष्यावर तिचं मन बसतं, तो नकार देतो, ती त्याच्यावर आळ घेते, गुरुजी त्याला बदडून काढतात. बिचारा रात्री एका ओसाड गोठ्यात लपतो. तिथेच कालरात्री आपल्या डाकिनींसह येते, मंत्र म्हणते आणि गोठ्यासकट आभाळात उडते ती थेट उज्जयिनीला. सुंदरक मंत्र ऐकून पाठ करतो. उज्जयिनीच्या भाजीच्या मळ्यातले मुळे खाऊन भूक भागवतो.

सोमदेवाच्या या गोष्टीतला पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. सुंदरक त्या मंत्राच्या बळावर माळव्याचे मुळे आणून कान्यकुब्जाच्या बाजारात विकू लागतो. राजाची माणसं ते पैसे न देता उचलतात, हा भांडतो, आणि मग चौकशी लागते की माळव्याचे मुळे रोज कान्यकुब्जात ताजे कसे? जगातली सर्वांत गुप्त विद्या उघडी पडते ती भाजीबाजारात. उतरण्याचा मंत्र त्याला साधलेला नसतो, तो पुढे एका सिद्धाकडून मिळतो. चढण्याचा बाईकडून, उतरण्याचा बाबाकडून. कालरात्री दुष्ट आहे यात वाद नाही. लंपट, खोटारडी, सूड घेणारी. पण तिची विद्या ही विद्या आहे. कान असलेल्या कुणालाही ती घेता येते, चोरता येते, अर्धवट शिकली तर अंगाशीही येते. सोमदेवाने तिला जन्मजात विंचू केलेलं नाही, म्हणून ती लक्षात राहते.

गेल्या तीसेक वर्षांत लेखकांना आणि सिनेमावाल्यांना चेटकिणीवर अन्याय झाल्याची जाणीव झाली, हे चांगलंच झालं. पण त्यांनी जो उपाय काढला तो मला पटत नाही. २०१४ च्या ‘मॅलेफिसेंट’मध्ये तिचे पंख तिच्याच प्रियकराने कापून नेलेले दाखवले. २०२० च्या ‘बुलबुल’मध्ये बालवधूला नवऱ्याने मरेस्तोवर मारलं, तिचे पाय ठेचले, दिराने तिच्यावर अत्याचार केला, आणि मग ती उलट्या पायांची चुडैल होऊन गावातल्या पुरुषांचा हिशेब चुकता करू लागली. लाल चंद्राखालचं ते बंगाल डोळ्यांसमोरून हलत नाही, राहुल बोस दुहेरी भूमिकेत अंगावर येतो, सगळं मान्य. पण मुळातलं गणित बघा. पुरुषाला सामर्थ्य मिळतं गुरूकडून, बाईला मिळतं जखमेतून. तिला पुन्हा शिकावं लागतच नाही. पूर्वी ती जन्माने चेटकीण होती, आता अत्याचाराने आहे. दोन्हीकडे ती स्वतः काही कमावत नाही.

शिवाय या उपायाने तिचं खट्याळपण जातं. दुःख दिलं की तिला निर्दोष करावं लागतं, आणि निर्दोष चेटकिणीइतकं कंटाळवाणं पात्र नाही. ‘विकेड’ या कादंबरीने (१९९५) निदान हिरव्या रंगाच्या एल्फाबाला विद्यापीठात धाडलं, वाद घालू दिले, चुकू दिलं. गंमत अशी की मूळ ‘ओझ’ लिहिणारा फ्रँक बाउम १९०० सालीच अर्धी वाट चालून गेला होता. त्याच्या पुस्तकात चेटकिणींची जादू खरी आहे आणि महान जादूगार हा ओमाहाहून फुग्यात बसून आलेला ढोंगी आहे. बाउमची सासू मॅटिल्डा जोसलिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झुंजलेली बाई, आणि चर्चने चेटकिणी म्हणून बायकांचा कसा संहार केला यावर १८९३ च्या आपल्या ग्रंथात तिने कडाडून लिहिलं होतं. तिचे आकडे फुगलेले होते, पण त्या घरात जेवायच्या टेबलावर कसल्या गप्पा होत असतील याचा अंदाज येतो.

इथे एक आक्षेप मीच माझ्यावर घेतो. प्रत्यक्षात डाकीण ठरवलेल्या बाईकडे कसलीच विद्या नसते, तिच्याकडे फक्त दुःखच असतं, मग लेखकाने दुःख लिहायचं नाही तर काय? याचं उत्तर महाश्वेता देवींनी ‘बायेन’ या कथेत देऊन ठेवलं आहे. चंडीदासी ही मेलेल्या पोरांना पुरणारी डोम बाई. काम बापाकडून आलेलं, आणि त्याचा तिला अभिमान आहे. राजा हरिश्चंद्राला आसरा देणाऱ्या कालू डोमाचा वंश सांगते ती. स्वतःला मूल झाल्यावर तिचा त्या कामात जीव रमेना, आणि गावाने तिला बायेन ठरवलं. नवऱ्यानेच ढोल बडवून ते जाहीर केलं. पुढे ती रुळांवर धावत जाऊन दरोडेखोरांच्या तावडीतून गाडी वाचवते आणि त्यात मरते. कथेत जादूचा लवलेश नाही. तरी चंडीदासी आपल्याला दयेचा विषय वाटत नाही, कारण महाश्वेतांनी तिला आधी एक काम दिलं आहे. माती किती खोल खणायची, वर काटे कसे टाकायचे म्हणजे कोल्हे उकरणार नाहीत, हे कळणारी बाई आहे ती. तिची जखम तिच्या कसबानंतर येते.

रशियन लोककथांनी हे लेखकांच्या किती आधी साधलं होतं! बाबा यागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी, कुंपण माणसांच्या हाडांचं, आणि ती फिरते उखळात बसून मुसळाने वल्हवत. वासिलिसा विस्तव मागायला येते तेव्हा बाबा यागा तिला रडगाणं सांगत नाही, तिच्याकडून ऐकूनही घेत नाही. कामं सांगते. अंगण झाड, स्वयंपाक कर, धान्यातली घाण निवड. काम झालं तर विस्तव देईन, नाहीतर खाईन. आणि शब्द पाळते. अशी सासू कुणालाही नको असेल, पण गुरू म्हणून तिच्यात खोट काढता येत नाही.

टेरी प्रॅचेटने १९८७ च्या ‘इक्वल राइट्स’मध्ये हा घोळ विनोदाने सोडवायला घेतला. मरणाऱ्या जादूगाराला आपली काठी आठव्या मुलाच्या आठव्या मुलाला द्यायची असते, पोर नुकतंच जन्मलेलं असतं, मुलगा की मुलगी हे बघायचं राहून जातं. ती एस्क. मग ग्रॅनी वेदरवॅक्स ही खडूस म्हातारी तिला घेऊन जादूगारांच्या विद्यापीठाच्या दारात उभी राहते. ग्रॅनीची स्वतःची विद्या म्हणजे औषधी, मधमाश्या आणि माणसाच्या डोक्यात काय चाललंय याचा अचूक अंदाज. रोलिंगबाईंनी दहा वर्षांनी मुलामुलींना एकाच शाळेत घातलं, प्रश्न मिटला. पण तिथे जादू इतकी अभ्यासक्रमात बसली की परीक्षेचा धाक चेटकापेक्षा मोठा झाला.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती उर्सुला ले ग्विन. १९६८ साली तिने ‘ए विझार्ड ऑफ अर्थसी’ लिहिलं. त्यात गेड या पोराला पहिला मंत्र शिकवते त्याची मावशी, गावातली साधी चेटकीण. मग पोरगा मोठ्या गुरूकडे जातो, तिथून रोक बेटावरच्या विद्यालयात, जिथे फक्त मुलगे घेतात, आणि मावशी कथेतून पुसली जाते. तिची जादू हलकी, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. बाईने लिहिलेल्या पुस्तकात. ले ग्विन २२ वर्षांनी ‘तेहानू’ घेऊन परत आली आणि या वेळी मॉस नावाच्या कळकट गावचेटकिणीच्या ओट्यावर बसून तिने विचारलं की बाईचं सामर्थ्य म्हणजे नेमकं काय. कित्येक चाहते रागावले. तलवारी-ड्रॅगनच्या जागी धुणीभांडी कशाला म्हणाले. ती थांबली नाही. २००१ च्या संग्रहातल्या एका दीर्घकथेत तिने रोकच्या विद्यालयाचा उगमच सांगितला. ते उभारणाऱ्यांत बायका होत्या, त्यांचं एक गुप्त मंडळ होतं, आणि मुलींना दार बंद झालं ते मागाहून. स्वतः रचलेल्या जगाच्या इतिहासात तिने स्वतःच वगळलेला हिशेब भरून दिला.

तिच्या त्या मंडळातल्या बायका जरा फारच सद्गुणी आहेत, ही माझी तक्रार. विद्या आणि वाईटपणा दोन्ही एकत्र असलेली, गुरुत्व आणि लबाडी दोन्ही पचवलेली बाई तिला जमली नाही, किंवा लिहावीशी वाटली नाही. सोमदेवाला जमली. ‘कथासरित्सागर’ मराठीत आलेला आहे, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबबही उरत नाही. कालरात्रीला स्वतःचा गुरू असणारच, तो कोण हे सोमदेवाने सांगितलेलं नाही. उपाध्यायाच्या घरात, त्याच्या पाठांतराच्या गलबल्यात राहून तिने ते मंत्र कधी आणि कुणाकडून मिळवले, शिष्यांना भाकऱ्या वाढताना ती मनातल्या मनात काय घोकत होती, कुवलयावलीला दीक्षा देताना तिने दक्षिणा काय घेतली, आणि शिकवताना चुकलेल्या उच्चाराला ती किती वेळा परत म्हणायला लावत असे, एवढं लिहायला एखादा मराठी कादंबरीकार बसला, तर त्याला तिच्यावर आधी कुणीतरी अत्याचार केला होता असं दाखवायची गरज पडणार नाही.